कॉलेजात शिकवणाऱ्या बाई माग शिकायला वाळवंटात गेल्या आणि नवाहो आजीच्या हाताखाली विद्यार्थिनी झाल्या

१९३० सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात गनाडो नावाचं एक छोटं गाव आहे. तिथून काही मैल आत, रेताड माळावर व्हाइट सँड्स नावाची एक नवाहो वस्ती होती. या वस्तीवर न्यूयॉर्कहून एक बाई राहायला आल्या. वय ३६. लग्न केलेलं नाही. बार्नार्ड कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवतात. नावापुढे पीएचडी.

असे शिकलेले पाहुणे नवाहो लोकांना नवीन नव्हते. वही-पेन्सिल घेऊन यायचं, दुभाषी गाठायचा, चार म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचे, फोटो काढायचे आणि परत जाऊन पुस्तक लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता. या बाईंची मागणी मात्र वेगळी होती. त्यांना घोंगडी विणायला शिकायचं होतं. तेही कुणाला विणताना बघून नाही, तर स्वतः मागासमोर जमिनीवर बसून.

त्यांचं नाव ग्लॅडिस रायकर्ड.

आज जगभरातून हौशी लोक आठ-पंधरा दिवसांची सहल आखून नवाहो विणकाम शिकायला जातात. मुक्काम तिथेच, शिकवणारी नवाहो बाई, समोर माग. या प्रकाराला आता फॅशनही आलीय. पण नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी एका प्राध्यापिकेने हे केलं तेव्हा तिच्या बरोबरीच्या विद्वानांना त्यात फारसं शास्त्र दिसलं नाही.

आधी थोडं नवाहो लोकांबद्दल. इंग्रजी स्पेलिंग बघून बरेच जण ‘नवाजो’ वाचतात, पण उच्चार नवाहो. ते स्वतःला म्हणवतात दिने. आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणून एकाच पोत्यात घातलं जातं, अशा शेकडो वेगवेगळ्या समाजांपैकी हा एक मोठा समाज. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत त्यांचा प्रदेश पसरलेला आहे. आजचं त्याचं क्षेत्रफळ साधारण ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जरासं कमी.

मेंढ्या त्यांच्याकडे स्पॅनिश लोकांमुळे आल्या. माग आला शेजारच्या प्वेब्लो लोकांकडून. गंमत म्हणजे प्वेब्लो समाजात बहुतेक विणकाम पुरुष करायचे, नवाहोंकडे ते बायकांच्या हातात गेलं. मेंढ्यांचे कळपही बहुधा बायकांच्या मालकीचे. त्यामुळे लोकर कातरण्यापासून गालिचा विकण्यापर्यंत सगळा कारभार घरातली बाई बघायची.

१८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या आणि हजारो माणसांना शेकडो मैल चालवत बोस्के रेदोंदो इथल्या छावणीत नेलं. चार वर्षांनी, १८६८ च्या तहानंतर, जे वाचले ते परतले. पुन्हा मेंढ्या आल्या, पुन्हा माग उभे राहिले. पाठोपाठ आले गोरे व्यापारी आणि त्यांची ‘ट्रेडिंग पोस्ट’ नावाची दुकानं. किराणा, उधारी, दागिने गहाण ठेवणं, सगळं एकाच छपराखाली. अंगावर घ्यायची घोंगडी हळूहळू गोऱ्यांच्या दिवाणखान्यातला गालिचा झाली. काही व्यापारी तर ती चक्क वजनावर घ्यायचे.

आता रायकर्ड बाईंकडे वळू.

जन्म १७ जुलै १८९३, पेनसिल्व्हेनियातलं बँगोर हे गाव. वडील डॉक्टर. शाळा संपल्यावर ग्लॅडिस लगेच कॉलेजात गेल्या नाहीत. काही वर्षं त्यांनी लहान मुलांना शिकवलं. मग स्वार्थमोर कॉलेजातून १९१९ मध्ये पदवी घेतली, ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याची. तिथून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्या आणि फ्रान्झ बोआस यांच्या विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकन मानववंशशास्त्राचा पाया घालणारे ते हेच बोआस. कुठलाही समाज वरचा-खालचा नसतो आणि त्याला समजून घ्यायचं तर आधी त्याची भाषा शिका, हा त्यांचा आग्रह.

बोआस यांच्याकडे हुशार विद्यार्थिनींची कमी नव्हती, बायकांना मिळणाऱ्या नोकऱ्यांची होती. १९२३ मध्ये बार्नार्ड या मुलींच्या कॉलेजात एक जागा निघाली. दावेदार दोघी, रायकर्ड आणि रूथ बेनेडिक्ट. बेनेडिक्ट यांचं लग्न झालेलं, म्हणजे घर चालवायला नवरा आहे, असा हिशेब करून बोआस यांनी जागा रायकर्ड यांना दिली. पुढे बेनेडिक्ट जगप्रसिद्ध झाल्या, पण पगाराची नोकरी रायकर्ड यांच्याकडे राहिली. कॅलिफोर्नियातल्या वियोट भाषेच्या व्याकरणावर १९२५ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली. त्यांच्या वर्गात पुढे झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली. तिचा निबंध वाचून रायकर्ड यांनी तो थेट बोआस यांच्यापर्यंत पोचवला. ही विद्यार्थिनी अमेरिकेतली मोठी लेखिका झाली.

नवाहोंकडे रायकर्ड पहिल्यांदा गेल्या त्या १९२३ मध्ये, प्लिनी गोडार्ड या ज्येष्ठ अभ्यासकांबरोबर. सोबत काम चाललं कुळांचं आणि वंशावळ्यांचं. कोण कुणाच्या कुळातला, कुणाचं लग्न कुठे झालं, याच्या याद्यांवर याद्या. त्यातून १९२८ मध्ये नवाहोंच्या सामाजिक जीवनावर त्यांचं पुस्तक आलं. पुस्तक भक्कम होतं, पण दुभाष्याच्या तोंडून मिळालेल्या उत्तरांवर उभं होतं. नवाहो बाई दिवसभर काय करते, काय बोलते, कशावर हसते, हे त्या याद्यांमध्ये कुठून येणार?

गोडार्ड १९२८ मध्ये वारले. पुढचा रस्ता रायकर्ड यांना एकटीने शोधायचा होता. मधल्या काळात गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर जर्मनीतल्या हँबुर्गला जाऊन त्यांनी मेलानेशियातल्या नक्षीकामाचा अभ्यास केला होता. त्यावरच्या पुस्तकाला पुढे न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसचं पारितोषिकही मिळालं. म्हणजे नक्षी वाचणारा डोळा त्यांच्याकडे होता. हात मात्र कोरा होता.

गनाडोच्या ट्रेडिंग पोस्टचे रोमन हबेल यांनी मध्यस्थी केली. त्यांचं नवाहो भाषेवर प्रभुत्व होतं. त्यांनी रायकर्ड यांची गाठ घालून दिली मिगेलितो यांच्या कुटुंबाशी. रायकर्ड यांच्या पुस्तकांमध्ये हेच गृहस्थ ‘रेड पॉइंट’ या नावाने येतात. ते मोठे गायक होते, पण हे गाणं करमणुकीचं नाही. आजारी माणसासाठी रात्र-रात्र चालणारे विधी, त्यातली लांबच लांब पाठ गाणी, जमिनीवर रंगीत वाळूने काढायची आणि विधी संपताच पुसून टाकायची चित्रं, हे सगळं ज्याला येतं तो नवाहो ‘गायक’. त्यांची पत्नी मारिया अँटोनिया आणि मुली मारी आणि अल्तनाबा या पट्टीच्या विणकर.

कुटुंबाने आपल्या वस्तीतच रायकर्ड यांना राहायला जागा दिली. पुढची काही वर्षं कॉलेजला सुट्टी लागली की बाई तिथे.

आता हे शिक्षण कसं होतं ते बघू, कारण खरी मजा तिथेच आहे.

नवाहो माग हा उभा असतो. दोन खांब, वर-खाली आडव्या काठ्या, त्यांच्यामध्ये ताणलेला ताणा. पायाने दाबायच्या पट्ट्या नाहीत, धोटा इकडून तिकडे फेकणं नाही. विणकर जमिनीवर बसते आणि खालून वर विणत जाते. काम खांद्याच्या वर गेलं की विणलेला भाग खाली ओढून बांधायचा आणि पुन्हा बसायचं.

पण मागापर्यंत पोचायलाच दिवस लागतात. आधी मेंढीची लोकर कातरायची. मग दातेरी फळ्यांच्या जोडीने ती पिंजायची. मग कातायची. आपल्याकडची टकळी आठवा. तिच्याहून बरीच लांब काठी, खाली लाकडी चकती, आणि ती मांडीवर हाताने फिरवत फिरवत सूत काढायचं. एकदा कातून भागत नाही. ताण्याचं सूत तर पुन्हा पुन्हा कातून बारीक आणि पक्कं करावं लागतं. युक्का नावाच्या झाडाचं मूळ कुटलं की फेस येतो, त्यात लोकर धुवायची. रंगासाठी झाडपाला उकळायचा. या सगळ्याला लागणारा वेळ प्रत्यक्ष विणण्याच्या वेळेपेक्षा कमी नसतो, अनेकदा जास्तच असतो. दुकानात गालिचा उलटसुलट करून भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही.

ताणा लावणं हा तर वेगळाच पेपर. नवाहो पद्धतीत ताण्याचा एकच अखंड धागा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वर-खाली फिरवत नेतात. त्यामुळे गालिच्याच्या चारही बाजूंना तयार काठ मिळतो. कापून सोडलेले धागे नाहीत, झालरी नाहीत. दिसायला फार देखणं, पण यात एक मेख आहे. ताणा एकदा लावला की गालिच्याची लांबी कायमची ठरली. नक्षी कागदावर काढलेली नसते, ती विणणारीच्या डोक्यात असते, आणि तिला त्या ठरलेल्या लांबीत बरोबर बसवायची असते. शेवटची इंचभर जागा सगळ्यात वाईट. ताणा इतका घट्ट होतो की धागे बाजूला सारायची नेहमीची फळी आत जातच नाही. मग बारीक काठी, मग त्याहून बारीक. कुणी कुणी तर जुन्या छत्रीची तार वापरायची. शेवटचे धागे सुईने एकेक करून भरावे लागतात.

आणि नवशिक्याचा हमखास होणारा गोंधळ म्हणजे कडा आत ओढल्या जाणं. बाणा जरा जास्त ओढला की गालिचा मध्येच कमरेत बारीक होतो. चूक लक्षात येईपर्यंत वीतभर काम झालेलं असतं. मग उसवा.

शिकवण्याची पद्धतही कॉलेजच्या अगदी उलटी. नवाहो घरात मुलगी विणकाम शिकते ती आईशेजारी बसून, बघून. आई करते, मुलगी बघते, मग मुलगी करते. नियम कुणी सांगत नाही. अडलं तर शिकवणारी समोर बसून पटापट करून दाखवते, इतकंच. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय असलेल्या प्राध्यापिकेला हे किती जड गेलं असेल याची कल्पना कुणीही शिक्षक करू शकेल. त्यात घरात इंग्रजीचा वापर बेताचाच. पण याचा एक फायदा झाला. धागा तुटला, रंग बिघडला, पाहुणे आले, मेंढरू हरवलं, असं रोजच्या कामाकामात भाषा कानावर पडत गेली. दुभाष्याच्या वहीत जे शब्द कधी आले नसते ते मागासमोर आले.

याच मुक्कामांमधून रायकर्ड यांना त्या कथाही नीट कळत गेल्या, ज्यांच्याशिवाय नवाहो माग समजत नाही. विणकाम नवाहोंना शिकवलं ते कोळीबाईने. कोळी म्हणजे जाळं विणणारा जीव आणि ही त्याची देवतारूप स्त्री. माग कसा बांधायचा ते तिच्या नवऱ्याने सांगितलं. आडव्या काठ्या आकाशाच्या आणि पृथ्वीच्या, ताण्याच्या काठ्या सूर्यकिरणांच्या, फणी पांढऱ्या शिंपल्याची. ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे या दरीत दोनशे मीटरहून उंच एक सुळका उभा आहे, तिथे कोळीबाईचं घर आहे असं मानतात. रायकर्ड यांच्या १९३४ च्या पुस्तकाचं नावच ‘स्पायडर वुमन’.

हे पुस्तक शास्त्रीय ग्रंथासारखं नाही. त्यात सिद्धांत नाहीत, तक्ते नाहीत. एक बाई एका घरात राहते, विणायला शिकते आणि आजूबाजूला लग्नं, आजारपणं, विधी, भांडणं चाललेली असतात, असं ते वाचता येतं. दोन वर्षांनी आलं ‘नवाहो शेफर्ड अँड वीव्हर’. त्यात मात्र लोकर कातरण्यापासून गालिचा मागावरून उतरवेपर्यंतची कृती पायरीपायरीने दिली आहे. १९३९ मध्ये ‘देझ्बा’ आलं, एका नवाहो बाईच्या आयुष्यावरचं.

या पुस्तकांमध्ये त्यांनी एक फुगा फोडला. त्या काळी गालिचा विकताना व्यापारी सोबत एक चिठ्ठीवजा गोष्ट चिकटवून देत. हा त्रिकोण म्हणजे डोंगर, ही नागमोडी रेघ म्हणजे पाऊस, वगैरे. गिऱ्हाईक खूश. रायकर्ड यांनी विणणाऱ्या बायकांबरोबर बसून बघितलं तर विक्रीच्या बहुतेक गालिच्यांत असा कुठलाही गूढ अर्थ नव्हता. रंग कसे जुळतात, जागा कशी भरते, मागच्या वेळेपेक्षा नवं काय करता येईल, असा तो विचार होता. म्हणजे कुठल्याही कलाकाराचा असतो तसा. पवित्र खुणांची जागा होती वाळूचित्रांत. ती मागावर कायमची उतरवणं अनेकांना धोक्याचं वाटायचं. होस्टीन क्ला या गायकाने तेही धाडस केलं होतं, पण तो स्वतः गायकही होता आणि विणकरही.

हे सगळं चाललं होतं तो काळ मात्र नवाहोंसाठी फार वाईट होता. माळरानावर गवत उरलं नाही, माती वाहून चाललीय, असं कारण देत १९३३ पासून सरकारने मेंढ्या-बकऱ्या कमी करायची मोहीम काढली. प्रमुख होते इंडियन अफेअर्सचे आयुक्त जॉन कॉलियर. कित्येक ठिकाणी जनावरं गोळ्या घालून तिथेच टाकून दिली गेली. हे कळप बायकांचे होते. लोकरही त्यांची, गालिच्याचे पैसेही त्यांचे. ज्यांच्या घरात जुनी माणसं छावणीच्या आठवणी अजून सांगत होती, त्यांना हे काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि नेमक्या याच कॉलियर यांच्या खात्याने १९३४ मध्ये रायकर्ड यांना एक काम दिलं. नवाहो प्रौढांना त्यांचीच भाषा लिहा-वाचायला शिकवायचं. तोवर सरकारी शाळांत मुलांनी नवाहो बोललं तर शिक्षा व्हायची, त्यामुळे हे पाऊल मोठंच होतं. गनाडोला पारंपरिक होगन घरात वर्ग भरला आणि त्याचं नाव ‘होगन स्कूल’ पडलं. एका हाताने भाषा देणारं सरकार दुसऱ्या हाताने मेंढ्या नेत होतं.

भाषेच्याच मुद्द्यावर रायकर्ड यांचे आपल्या क्षेत्रात खटके उडाले. नवाहो कशी लिहायची याबद्दल एडवर्ड सपीर आणि त्यांचे विद्यार्थी हॅरी हॉयर यांची एक पद्धत होती. सपीर म्हणजे त्या काळच्या भाषाशास्त्रातलं सगळ्यात वजनदार नाव. रायकर्ड यांनी ती पद्धत मुकाट्याने स्वीकारली नाही. वेगवेगळी माणसं एकच शब्द वेगवेगळा उच्चारतात आणि हा फरक चूक म्हणून पुसून टाकायचा नसतो, तो नोंदवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. वस्तीवर राहून ऐकणाऱ्याला असंच वाटणार. १९५१ मध्ये त्यांचं नवाहो व्याकरण आलं तेव्हा हॉयर यांनी त्यावर कडक टीका केली. तांत्रिक बाबतीत सपीर-हॉयर यांची पद्धतच पुढे टिकली, हेही खरं.

टीका करणाऱ्यांच्या मागे विद्यार्थ्यांची फौज होती. रायकर्ड यांच्या मागे नव्हती, कारण बार्नार्डमध्ये पदवीपर्यंतचंच शिक्षण होतं. पीएचडीचे विद्यार्थी घडवायची आणि आपल्या मताची पुढची पिढी तयार करायची संधी त्यांना मिळालीच नाही. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९५१ मध्ये, म्हणजे नोकरी लागून २८ वर्षांनी. विणकामाची पुस्तकं तर सामान्य वाचकांसाठीची म्हणून बाजूला ठेवली गेली.

मिगेलितो १९३६ मध्ये वारले. त्यांच्या वाळूचित्रांवर आणि कथांवर रायकर्ड यांनी १९३९ मध्ये पुस्तक काढलं. नवाहो सहकारी ॲडॉल्फ डॉज बिटानी यांच्याबरोबर भाषेवरचा प्रबंध लिहिला आणि त्यावर दोघांचंही नाव घातलं. १९५० मध्ये त्यांचा दोन खंडांचा ‘नवाहो रिलिजन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो आजही या विषयात वाचला जातो.

२५ जुलै १९५५ ला ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ गावात पक्षाघाताने त्यांचा मृत्यू झाला. ६२ वा वाढदिवस होऊन आठच दिवस झाले होते. बहीण लिलियन यांनी त्यांचे कागद तिथल्याच म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाला दिले.

सत्तरच्या दशकानंतर चित्र बदलत गेलं. विणकामाची कृती सांगणारं १९३६ चं पुस्तक १९७४ मध्ये नव्या नावाने पुन्हा छापलं गेलं आणि हौशी विणकरांच्या हाती पडलं. अभ्यासकाने लोकांमध्ये राहून त्यांचं काम शिकावं, स्वतःची फजितीही लिहावी, हे पुढे मानववंशशास्त्रात रूढ झालं. तेव्हा लुईस लॅम्फिअर यांच्यासारख्या संशोधक स्त्रियांनी रायकर्ड यांच्याकडे नव्याने पाहिलं. १९९७ मध्ये ‘स्पायडर वुमन’ची नवी आवृत्ती आली, तिची प्रस्तावना लॅम्फिअर यांचीच.

तरी एक गोष्ट राहतेच. मारिया अँटोनिया, मारी आणि अल्तनाबा यांनी एका अनोळखी बाईला आपलं सगळं कसब दिलं आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठावर नाव लागलं त्या बाईचं. रायकर्ड यांनी या घरातल्या माणसांना पानापानांवर आणलं, पण सांगणाऱ्या त्या स्वतःच होत्या. न्यू मेक्सिकोतल्या टू ग्रे हिल्स भागातल्या बार्बरा टेलर ऑर्नेलास आणि लिंडा टेलर पीट या सख्ख्या बहिणी घराण्यातल्या पाचव्या पिढीच्या विणकर. त्यांनी २०१८ मध्ये आजच्या नवाहो विणकरांवर पुस्तक काढलं आणि २०२० मध्ये दुसरं, नवाहो गालिचा कसा विणायचा ते शिकवणारं. दोन्हींच्या नावात कोळीबाई आहे, आणि ताणा कसा लावायचा हे यावेळी विणणारीनेच लिहिलंय.